पडवीतला साप, खिशातला कॅमेरा

गेल्या पावसाळ्यात दहा-बारा दिवसांच्या अंतरानं माझ्याकडे सापांचे दोन फोटो आले. पहिला नीरा डाव्या कालव्याकाठच्या एका वस्तीवरून. रात्री साडेदहाला न्हाणीघरात निघालेला साप काठीनं ठेचलेला आणि त्याच काठीवर उचलून धरलेला. मागे ट्यूबलाइट, पुढे चार जणांचे पाय. साप काळसर होता आणि अंगावर फिकट पट्टे होते, यापलीकडे काही दिसत नव्हतं. 'मण्यारच ना?' असा प्रश्न होता. मला उत्तर देता आलं नाही.

दुसरा फोटो इंदापूरकडून आला. नववीतल्या मुलीनं दारात उभं राहून काढलेला. भावानं एका बाजूनं बॅटरी धरली होती. शहाबादी फरशीच्या कडेला साप वेटोळं करून बसला होता. मानेजवळचा फिकट पट्टा चांगला रुंद, त्यापुढचे पट्टेही ठळक आणि शेपटीकडे जाता जाता विरत गेलेले. कवड्या. बिनविषारी. घरातले दूर थांबले, मागचं दार उघडं ठेवलं आणि थोड्या वेळानं तो परसातल्या दगडांत निघून गेला.

दोन्ही फोन साधारण एकाच किमतीचे होते, आठ-दहा हजारांचे. तरी एक फोटो कामाचा ठरला आणि दुसरा वाया गेला. घरातल्या सापाचा फोटो हा विषय मी गेली काही वर्षं याच नजरेनं बघतो आहे आणि बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात तो कुठवर आला आहे, याचा आढावा घ्यावा असं बरेच दिवस मनात होतं.

अमेरिकेत आणि युरोपात घरातल्या सापाच्या फोटोचा प्रश्न पाळीव सापाबद्दल विचारला जातो. तिथल्या घरांत बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक काचेच्या पेटीत राहतात आणि त्यांचा चांगला फोटो कमी पैशांत कसा काढायचा, यावर हौशी लोकांनी पुष्कळ डोकं चालवलं आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन्ही बाजूंनी खिडक्या कापायच्या, त्यांवर ट्रेसिंग पेपर लावायचा, बाहेरून दोन टेबललॅम्प ठेवायचे, आत मागच्या बाजूला वळवलेला कागद. झाला घरचा स्टुडिओ. पद्धत चांगली आहे आणि तिच्यातला प्रकाशाचा विचार आपल्यालाही उपयोगी पडतो. पण साप पाळण्याचा भाग इथे लागू होत नाही, आणि तो का होत नाही हे आधी स्पष्ट केलं पाहिजे. कारण इन्स्टाग्रामवर परदेशी रील बघून 'धामण पाळली तर चालेल का' असं विचारणारी पोरं मला आपल्याकडेही भेटली आहेत.

चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचे साप संरक्षित आहेत आणि त्या कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत नुसतं पकडणंही येतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिनं परिशिष्टांची फेरमांडणी केली आणि सर्वसाधारण गुन्ह्याचा कमाल दंड पंचवीस हजारांवरून एक लाख रुपयांवर नेला. तीन वर्षांपर्यंतची कैद आहेच. धामण असो की दिवड, बरणीत ठेवून 'माझा साप' म्हणून फोटो टाकणारा स्वतःच्या विरुद्ध पुरावा तयार करत असतो. परदेशी सापांचं थोडं वेगळं आहे. बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तो किंवा तसा दुसरा प्राणी बाळगणाऱ्यानं 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी, असा नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि आधीपासून बाळगणाऱ्यांना त्यासाठी सहा महिने दिले गेले. पुण्या-मुंबईत असे साप बाळगणारे आहेत. बारामती-इंदापूरच्या वाचकाला मात्र माझं सांगणं सरळ आहे: या वाटेला जाऊ नका. सापाला उष्णतेचं नेमकं नियंत्रण लागतं, गिळता येतील असे उंदीर लागतात, आणि आजारी पडला तर त्याला तपासणारा पशुवैद्य तालुक्याला सापडणं कठीण.

शिवाय आपल्या भागात साप घरात आणावा लागत नाही, तो येतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर हे कारखाने ज्या उसावर चालतात तो ऊस उंदरांना वर्षभर आसरा देतो आणि उंदरामागे धामण, नाग, घोणस येतात. ऊस तुटला की आसरा जातो आणि तेच साप बांधावर, गोठ्यात, वस्तीवर दिसू लागतात. ऊसतोड कामगारांच्या कोप्या तर फडाशेजारीच, जमिनीला टेकलेल्या. कालव्याच्या आणि उजनीच्या पाण्याकाठी दिवड. सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडीकडच्या माळरानावर पाणी कमी आणि दगड जास्त. तिकडे फुरसं, मांडूळ, धूळनागीण. घरात शिरणाऱ्यांत माझ्या अनुभवात कवड्या पहिला, कारण तो पालींच्या मागे भिंत चढतो. जळणाच्या ढिगात तस्कर, कडब्याच्या गंजीत धामण, विटांच्या थप्पीत मण्यार. धामण म्हशीच्या पायाला वेढा घालून दूध पिते हा समज गोठ्यागोठ्यात अजून आहे. सापाला दूध ओढून पिता येत नाही. धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी.

आता फोटोचं. घरात आलेल्या सापाच्या फोटोचं पहिलं काम ओळख पटवणं हे आहे, आणि आपल्या भागात ओळखीचा घोळ मुख्यतः दोन जोड्यांत होतो. पहिली जोडी मण्यार आणि कवड्याची. मण्यार निळसर काळी, तुकतुकीत. तिच्या अंगावरच्या पांढऱ्या रेघा बारीक, बऱ्याचदा जोडीजोडीनं, मानेनंतर बरंच अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. कवड्याचं उलटं: मानेपाशी ठळक, शेपटीकडे पुसट. म्हणजे फोटोत साप डोक्यापासून शेपटीपर्यंत आला पाहिजे. नुसत्या डोक्याचा जवळून घेतलेला फोटो दिसायला कितीही झकास असला तरी या जोडीत फारसा उपयोगी पडत नाही. दुसरी जोडी घोणस आणि डुरक्या घोणस. घोणशीच्या पाठीवर गोल-लांबट तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या सरळ जातात, डोकं त्रिकोणी आणि मानेपासून वेगळं उठून दिसतं. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, आणि शेपटी आखूड, बोथट. तो बिनविषारी आहे आणि केवळ घोणशीसारखा दिसतो म्हणून दरवर्षी मारला जातो. अजगराचं पिल्लूही याच गैरसमजात जातं. घोणशीचा फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ असतो आणि फुरशाचं अंगावर अंग घासून केलेलं करकर एकदा ऐकलं की विसरत नाही. त्यामुळे फोटोपेक्षा दहा सेकंदांचा व्हिडिओ कधी कधी जास्त सांगतो.

मग उभं कुठे राहायचं? मी दोन मीटर म्हणतो, खेड्यात सांगताना 'दोन काठ्या' म्हणतो. साप आपल्या लांबीच्या साधारण निम्म्यापर्यंत झेप टाकू शकतो. दोन मीटरवर माणूस निर्धास्त असतो आणि साप शांत राहतो. पण इथेच स्वस्त फोनची अडचण येते. साध्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा कोन रुंद असतो. दोन मीटरवरून तो जवळजवळ पावणेतीन मीटर रुंदीचं दृश्य टिपतो. बारा मेगापिक्सेलचा फोटो चार हजार ठिपके रुंद असतो, म्हणजे वीतभर वेटोळं करून बसलेल्या सापाच्या वाट्याला तीनशे-सव्वातीनशे ठिपके येतात. पट्टे कळायला तेवढे पुरतात. खवले कळायला पुरत नाहीत. फोनला खरी तिप्पट टेलिफोटो लेन्स असेल तर हेच ठिपके नऊशेच्या पुढे जातात आणि मग खवल्याची कडही दिसते. म्हणून कुणी फोन घेताना विचारलं तर मी सांगतो की मेगापिक्सेलच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, टेलिफोटो लेन्स आहे का ते बघा. आहे त्याच फोनवर भागवायचं असेल तर जागेवर थांबून दुपटीपर्यंत झूम करा, त्याहून जास्त नको, आणि बाकीचं नंतर कापून घ्या. झूम कमी पडतो म्हणून एक पाऊल पुढे टाकणं, हीच या सगळ्या प्रकारातली सर्वांत महागडी चूक आहे.

याच कारणानं, ऑनलाइन काहीशे रुपयांना मिळणारी मॅक्रोची चिमटा-लेन्स जिवंत सापासाठी वापरू नका. ती विषयापासून दोन-चार सेंटिमीटरवर आली तरच चालते. त्या लेन्सचा खरा उपयोग पुढे सांगतो.

उजेडाचा खर्च मात्र जवळजवळ शून्य आहे. बहुतेक फोटो रात्री काढले जातात आणि फोनचा स्वतःचा फ्लॅश समोरून पडतो. तुकतुकीत खवल्यांवर तो पांढरा डाग होऊन परत येतो आणि बाकीचा साप काळा गोळा होतो. नववीतल्या त्या मुलीनं, किंवा खरं तर तिच्या भावानं, नकळत केलं तेच करायचं: उजेड कॅमेऱ्यापासून सोडवून बाजूला न्यायचा. चार्जिंगची बॅटरी घ्या, तिच्या तोंडाला जुन्या धोतराचा किंवा पातळ पांढऱ्या सुती कापडाचा एकपदरी तुकडा रबरानं बांधा, आणि दुसऱ्या माणसाला सापापासून तितक्याच अंतरावर, पण एका कडेला उभं करा. तिरप्या उजेडात खवल्यांची उंचसखलता उठते. घोणस, फुरसं, दिवड, नानेटी यांच्या खवल्यांना मधोमध उभी कणी असते. त्यामुळे अंग खरबरीत, मॅट दिसतं. मण्यार आणि कवड्याचे खवले गुळगुळीत असतात आणि चकाकतात. समोरच्या फ्लॅशमध्ये हा फरक मरून जातो, बाजूच्या उजेडात तो गुगलला न विचारता कळतो. दिवसा असेल तर उजेडासमोर थर्माकोलचा पांढरा तुकडा (टीव्हीच्या खोक्यातला पडलेला असतोच) भिंतीला टेकवून ठेवला की सावलीतली बाजूही उजळते. सापाच्या अंगावर मात्र काही टाकायचं नाही, त्याच्या जागेचं काही हलवायचं नाही.

फरशीचाही परिणाम होतो. पांढऱ्या टाइल्सवर फोन टाइल्सकडे बघून उजेड ठरवतो आणि साप काळा दोरखंड होतो. काळ्या कडाप्प्यावर उलट: पांढरे पट्टे जळून जातात. स्क्रीनवर सापावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही तिथे थांबतात. मग बोट वर किंवा खाली सरकवून उजेड थोडा कमी-जास्त करता येतो. आपली जुनी शहाबादी फरशी करडी, मऊ रंगाची. तिच्यावर सगळ्याच सापांचे रंग खरे येतात. जुन्या घरांतले फोटो नव्या बंगल्यांतल्यांपेक्षा चांगले येतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

डोळ्यांवर फोकस असावा हा प्राण्यांच्या फोटोचा नेहमीचा नियम सापालाही लागू. सापाला पापण्या नसतात; डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, चष्म्याच्या काचेसारखा. तो निळसर, दुधाळ दिसत असेल तर साप कात टाकण्याच्या बेतात आहे. त्या काळात त्याला नीट दिसत नाही आणि तो चटकन बिथरतो. असा डोळा दिसला तर एक फोटो घ्या आणि बाहेर या.

आणि कात. घरच्या घरी, बिनधोक, फुकट आणि मनसोक्त वेळ देऊन फोटो काढायचे असतील तर सापाची कात हा सगळ्यांत चांगला विषय आहे, आणि तिच्याकडे जवळजवळ कुणी बघत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका गोठ्याच्या भिंतीत, दोन दगडांच्या फटीत, मला अखंड कात दिसली. सकाळी नऊचं ऊन तिच्यातून पलीकडून येत होतं आणि प्रत्येक खवला स्वतंत्र उजळला होता. तीच ती चिमटा-लेन्स फोनला लावली. पाठीच्या मधोमध एक रांग बाकीच्यांपेक्षा मोठ्या खवल्यांची होती आणि ते खवले षट्कोनी होते. शेपटीखालचे खवले अखंड होते, दोन दोन तुकड्यांचे नव्हते. मण्यार. साप महिन्यापूर्वी निघून गेला असेल किंवा त्याच भिंतीत असेल. घरातल्यांनी त्या दिवशी भिंतीच्या फटी सिमेंटनं लिंपायला घेतल्या आणि गोठ्यात झोपणाऱ्या म्हाताऱ्या आजोबांना बाजेवर मच्छरदाणी लावून दिली. कातीच्या तोंडाशी डोळ्यांवरचे दोन गोल चष्मेसुद्धा जसेच्या तसे होते. पातळ, बिनरंगाचे, नखाएवढेही नाहीत. असा फोटो मी आयुष्यात दुसरा काढलेला नाही. कात जागेवरच ठेवावी, घरी कपाटात नेऊ नये, फोटो पुरतो.

खवले मोजून साप ओळखण्याची ही सवय आपल्याकडे लागली ती पुस्तकांमुळे. रोम्युलस व्हिटेकर आणि अशोक कॅप्टन यांचं 'स्नेक्स ऑफ इंडिया' हे क्षेत्रपुस्तक २००४ मध्ये आलं. कॅप्टन पुण्याचे, एकेकाळचे सायकलपटू. त्या पुस्तकात साप रुबाबदार दिसावा यापेक्षा तो ओळखता यावा, या हेतूनं फोटो निवडले आहेत. पुढे २००७ मध्ये दक्षिणेतल्या एका छोट्या सापाच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव गेलं. नीलिमकुमार खैरे यांचं महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकातल्या सापांवरचं पुस्तकही बऱ्याच सर्पमित्रांच्या घरी असतं. फोटोचा सराव करायचा असेल तर खैरे यांच्याच प्रयत्नांतून उभं राहिलेलं कात्रजचं सर्पोद्यान बारामतीहून दोन-अडीच तासांवर आहे. काचेला फोनची लेन्स अगदी टेकवून, भोवती काळं कापड धरलं की प्रतिबिंब जातं. एक पूर्ण दिवस तिथे घोणस आणि डुरक्या घोणस यांच्यातला फरक बघण्यात घालवला तर तो वाया जात नाही.

खैरे यांचं नाव आलं म्हणून एक अवघड गोष्ट बोलून टाकतो. १९८० मध्ये ते बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काचेच्या खोलीत राहिले. साप उगाच चावत नाही हे लोकांना पटवण्याची ती धडपड होती आणि त्या काळात तिचा उपयोग झाला. पण तिच्यानंतरच्या पिढ्यांनी धडपड सोडली आणि देखावा उचलला. आज गावागावातल्या सर्पमित्रांच्या मोबाइलमध्ये गळ्यात धामण, हातात नाग, डोक्यावर दिवड असे फोटो भरलेले आहेत. मी हे अनादरानं लिहीत नाही. रात्री दोन वाजता कुणाच्या तरी घरी पदरचं पेट्रोल जाळून जाणारी ही माणसं आहेत, आणि त्यांच्यामुळे हजारो साप आणि कित्येक माणसं वाचली आहेत. पण पकडलेला साप फोटोसाठी पुन्हा पिशवीतून काढणं, फणा काढावा म्हणून त्याला डिवचणं, थंड करून मलूल व्हावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवणं, हे सगळं मी पाहिलं किंवा ऐकलं आहे, आणि त्यातल्या कशाचंही समर्थन होत नाही. साप बाहेरच्या उष्णतेवर जगतो. थंडावलेला साप शांत झालेला नसतो, तो असहाय झालेला असतो. दाखवण्यासाठी साप हाताळताना महाराष्ट्रात सर्पमित्रांचे जीव गेले आहेत. बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांच्या मिरवणुका उच्च न्यायालयाच्या आदेशानं थांबल्या. तेच प्रदर्शन आपण फोनच्या पडद्यावर पुन्हा सुरू केलं आहे.

आकडी, पाइप आणि पिशवी वापरून साप न हाताळता भरता येतो. भरला की पिशवी बांधायची, नोंद करायची आणि वनखात्याला कळवून जवळच्याच योग्य जागी सोडायचा. फोटो हवा असेल तर सोडताना घ्या: पिशवीचं तोंड उघडं, साप गवतात जातो आहे, माणूस चौकटीत नाही. सर्पमित्रांच्या कामाचा याहून चांगला पुरावा नाही.

या बाबतीत इंदापूर तालुक्यानंच एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवलं आहे. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या काठावर रोहित पक्ष्यांसाठी मोठमोठ्या लेन्स घेऊन माणसं येतात. होडीवाले मासेमार आता वाटाडे झाले आहेत आणि पक्षी उडेल इतकी होडी जवळ नेऊ नये हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, कारण पक्षी गेला तर रोजगार जातो. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा बघायला येणाऱ्यालाही गाडीतून उतरू देत नाहीत. अंतर राखण्याची शिस्त आपल्या मातीत रुजते, हे तिथे दिसलं. फक्त ती पक्ष्यापासून सापापर्यंत आलेली नाही.

मांडुळाबद्दल सावध करायला हवं. तोंड आणि शेपटी सारखीच दिसते म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात आणि गुप्तधन, औषध अशा भ्रमांपायी त्याची तस्करी होते. पुणे जिल्ह्यातही अशा कारवाया होत आल्या आहेत. तस्करांचा सौदा फोटो आणि व्हिडिओवरच चालतो; वजनकाट्यावर ठेवलेलं मांडूळ, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र. तुमच्या शेतात मांडूळ दिसलं तर फोटो जरूर काढा, पण गावाचं नाव, गट नंबर, रस्त्याची खूण यांसह कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. फोन प्रत्येक फोटोत ठिकाण नोंदवत असतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं.

मग फोटो टाकायचा कुठे? नोंद म्हणून ठेवायचा असेल तर 'आयनॅचरलिस्ट' किंवा 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल' या दोन्ही ठिकाणी फुकट टाकता येतो, जाणकार ओळख पटवून देतात आणि पुढे तो अभ्यासकांच्या कामी येतो. आपल्या दोन तालुक्यांत ऊस वाढला, माळरानं कमी झाली, उजनीचं पाणी आलं. या सगळ्यात कोणते साप वाढले आणि कोणते हटले, हे सांगायला तारीख-वार फोटोंशिवाय दुसरं साधन सामान्य माणसाच्या हातात नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा फोटो दोन दिवसांत वाहून जातो. ही नोंद राहते.

दंशाचं वेगळं सांगतो, कारण तिथे फोटोबद्दल गैरसमज जिवावर बेततो. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावल्याचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यात शेतात राबणारे आणि जमिनीवर झोपणारे जास्त. साप चावल्यावर त्याचा फोटो मिळाला तर डॉक्टरांना मदत होते, पण फोटोसाठी मिनिटभरही थांबायचं नसतं. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकत्र चालते आणि आपल्या भागातले घातक साप हेच चार आहेत. कोणता चावला हे माहीत नसलं तरी डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्त वीस मिनिटांत गोठतं का हे बघून उपचार ठरवतात. साप मारून दवाखान्यात नेणं तर निव्वळ धोक्याचं आहे. मण्यारीचा दंश अनेकदा दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि तोवर वेळ गेलेली असते. म्हणून चावा झाला अशी शंका आली तरी अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, चावलेला हात-पाय फळीला बांधून हलू देऊ नका, आवळून दोरी बांधू नका, ब्लेड लावू नका, १०८ ला फोन करा आणि बारामतीच्या किंवा इंदापूरच्या सरकारी रुग्णालयाकडे निघा. कुणी मोकळ्या हातानं, दुरून, जाता जाता एक फोटो काढू शकलं तर काढावा. सापाच्या मागे बिळापर्यंत जाऊ नये.

सेकंडहँड कॅमेरा घ्यावा का, असं कॉलेजची मुलं विचारतात. हौस असेल तर घ्या. जुनी डीएसएलआर आणि ५५-२५० च्या आसपासची झूम लेन्स मिळाली तर दोन मीटरवरून खवले मोजता येतील असा फोटो निघतो, आणि तीच लेन्स भिगवणलाही चालते. बाकी काही घ्यावं लागत नाही.

माझ्याकडे आलेल्या फोटोंपैकी जे उपयोगी ठरले त्यांत एकातही साप माणसाच्या हातात नव्हता. तो फरशीवर होता, भिंतीवर होता, कौलांच्या वाशावर होता, पूर्ण दिसत होता आणि जिवंत होता. तुमच्या घरात उद्या साप निघाला तर मुलांना आणि जनावरांना बाजूला घ्या, दोन काठ्यांवर थांबा, एकानं बाजूनं बॅटरी धरा, डोक्यापासून शेपटीपर्यंतचे दोन-तीन फोटो घ्या आणि ते ओळखीच्या सर्पमित्राला पाठवा. साप स्वतःहून जात नसेल तर वनखात्याचा टोल-फ्री क्रमांक १९२६ आहे. तो आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा.